तीन आठवड्यांचें रक्त

आपल्या शाळेच्या प्रार्थनेच्या तासाला दयाळू शोमरोन्याची गोष्ट वर्षांतून एक-दोन वेळां तरी वाचली जाते, आणि ती बहुतेकांस तोंडपाठ आहे. वाटेंत लुटला गेलेला अर्धमेला मनुष्य, त्याला पाहून दुसऱ्या बाजूनें निघून जाणारे दोघे प्रतिष्ठित गृहस्थ, आणि ज्याच्याकडून कोणी कसलीहि अपेक्षा केली नसती असा तिसरा प्रवासी, जो जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो आणि जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेतो. तेल व द्राक्षारस सर्वांच्या लक्षांत राहतात. परंतु दुसऱ्या दिवशीं हा प्रवासी उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातांत पैसे ठेवतो आणि आणखी जो खर्च होईल तो मी परत येईन तेव्हां फेडीन असें त्याला सांगतो, हें फार थोड्यांना आठवतें. आमच्यापैकींहि कोणाला तें आठवत नव्हतें. आजारी मुलांच्या सहवासांत दोन वर्षें काढल्यावर तें आमच्या ध्यानांत आलें. आणि तें कसें आलें हें सांगण्यापूर्वीं त्या मुलांची व त्यांच्या रोगाची ओळख करून दिली पाहिजे.

मुंबईंतील एका मोठ्या इस्पितळाच्या बालविभागांत एक लांबट खोली आहे. आठवड्यांतील ठराविक दिवशीं सकाळीं आठाच्या सुमारास तेथें मुलें जमूं लागतात. कोणी दप्तर घेऊन येतें, कोणी पाठच्या भावंडाला घेऊन. तीं धांवतात, भांडतात, खिडकीजवळच्या खाटेसाठीं हुज्जत घालतात. नवख्या माणसाला वाटावें कीं, हीं मुलें दुसऱ्याच कोणाला भेटावयास आलीं असतील. मग सिस्टर एकेकाचें नांव पुकारते, आणि तें तें मूल जाऊन आपला हात पुढें करतें. शीर सांपडली म्हणजे सुई बसते, वर टांगलेल्या पिशवींतून रक्त ठिबकूं लागतें, आणि पुढचे तीन-चार तास, कधीं कधीं संध्याकाळपर्यंत, तें मूल त्या खाटेशीं बांधलेलें असतें. सोळा-सतरा वर्षांचीं मुलें तेथें येतात, तशीं दोन वर्षांचींहि येतात.

त्यांच्या रोगाचें नांव थॅलेसेमिया. रक्ताचा तांबडा रंग हीमोग्लोबिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो, आणि फुप्फुसांतून प्राणवायु उचलून सर्व शरीराला पोंचविण्याचें काम तेंच करतें, हें आपण वर्गांत शिकलों आहों. हीमोग्लोबिनाचा प्रत्येक रेणु चार सांखळ्यांचा असतो. जन्मानंतर कांहीं महिन्यांनीं त्यांपैकीं दोन आल्फा जातीच्या व दोन बीटा जातीच्या असतात. ज्या मुलाच्या शरीरांत बीटा सांखळी मुळींच बनत नाहीं किंवा फार थोडी बनते, त्याच्या तांबड्या पेशी अस्थिमज्जेंत, म्हणजे जेथें त्या जन्मतात तेथेंच, बहुतांशीं नाश पावतात. असें मूल जन्मतां इतर मुलांसारखेंच गुटगुटीत दिसतें, कारण गर्भांतील हीमोग्लोबिन निराळ्या जातीचें असून त्याला बीटा सांखळी लागत नाहीं. तें हळूहळू ओसरलें म्हणजे, बहुधा सहा महिने ते दोन वर्षें या वयांत, मूल पांढुरकें पडतें, दूध नाकारतें, चिडचिडें होतें. प्लीहा वाढून पोट पुढें येतें. १९२५ सालीं अमेरिकेंत डेट्रॉइट येथील टॉमस कूली या बालरोगतज्ज्ञानें या दुखण्याचें प्रथम वर्णन केलें. त्याचे पहिले रोगी भूमध्य समुद्राच्या कांठच्या घराण्यांतले होते, म्हणून पुढें ग्रीक भाषेंतील 'समुद्र' या अर्थाच्या शब्दावरून त्याला हें नांव मिळालें. नांव समुद्राचें असलें तरी हा रोग भूमध्य समुद्रापासून आपल्या देशावरून थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलेला आहे.

रक्त न मिळाल्यास असें मूल फार वर्षें जगत नाहीं. नियमानें मिळाल्यास तें शाळेंत जातें, खेळतें, मोठें होतें, नोकरी-संसार करतें. 'नियमानें' या शब्दांत सर्व कांहीं आलें. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. मग या मुलांना दर तीन आठवड्यांनीं रक्त कां लागतें, असा प्रश्न आमच्यापैकीं एकानें तेथील डॉक्टरांना विचारला. त्यांनीं सांगितलें कीं, दात्याच्या रक्तांत सर्व वयांच्या पेशी असतात. कांहीं उद्यांच मरतील, कांहीं चार महिन्यांनीं. मुलाचें स्वतःचें शरीर त्यांच्या जागीं नवीन जवळजवळ कांहींच घालीत नाहीं, त्यामुळें पहिल्याच दिवसापासून उतार सुरू होतो. हीमोग्लोबिन नऊ-दहा ग्रॅमच्या फार खालीं जाऊं दिलें तर अस्थिमज्जा पुन्हां आपली निष्फळ धडपड सुरू करते, गालांचीं व कपाळाचीं हाडें फुगतात, चेहरा बदलतो. म्हणून मुलाच्या प्रकृतीप्रमाणें दोन ते चार आठवड्यांनीं, बहुधा तीन आठवड्यांनीं, नवें रक्त द्यावें लागतें.

आतां थोडें अंकगणित करूं. वर्षांत तीन-तीन आठवड्यांच्या सतरा खेपा होतात. तीस किलो वजनाच्या मुलाला एका खेपेस एक ते दोन पिशव्या लागतात. दोन धरल्या तर वर्षाच्या चौतीस. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांतून एकदां व स्त्रीला चार महिन्यांतून एकदां रक्त देतां येतें. म्हणजे पुरुषदाता वर्षाला फार तर चार पिशव्या देईल. एका मुलाला एक वर्ष जगविण्यासाठीं, एकहि वेळ न चुकविणारे निदान नऊ दाते पाहिजेत. आणि हें एका वर्षाचें झालें. पुढच्या वर्षीं मूल वाढलेलें असतें. शिवाय तांबड्या पेशी पेटींत थंड ठेवल्या तरी पांच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाहींत, म्हणून एका मोठ्या शिबिराचें रक्त सांठवून वर्षभर पुरवितां येत नाहीं. मे महिन्यांत महाविद्यालयें बंद असतात, लोक गांवीं जातात, शिबिरें होत नाहींत, आणि रक्तपेढ्यांचे फडताळ रिकामे पडूं लागतात. मुलांच्या रक्ताला मात्र सुट्टी नसते.

हा हिशेब करतांना एक गोष्ट आम्हांला फार बोंचली. रक्त देण्यास वयाचीं अठरा वर्षें पुरीं झालेलीं असावीं लागतात, वजन निदान ४५ किलो व हीमोग्लोबिन निदान १२.५ ग्रॅम असावें लागतें. आमच्यापैकीं एकालाहि ही अट पुरी करतां येत नाहीं. जें या मुलांना सर्वांत अधिक पाहिजे तेंच आमच्यापाशीं असून देतां येत नाहीं. मग आम्ही तेथें जाऊन करणार काय?

पहिल्या वर्षीं आम्हांला त्याचें उत्तर फार लवकर सांपडलें, आणि तें चुकीचें होतें. नाताळापूर्वीं आम्ही एकवीस जण फुगे, गाणीं व मिठाईचे डबे घेऊन तेथें गेलों. खोलींत आम्हांलाच उभें राहण्यास जागा नव्हती. एका दोन वर्षांच्या मुलीला आमच्या ढोलकीनें रडूं कोसळलें आणि तिची सुई सरकली. ती पुन्हां बसविण्यास सिस्टरला तीन वेळां टोंचावें लागलें. तरीहि समारंभ चांगला झाला असें आम्हांस वाटलें. छायाचित्रें निघालीं. खिडकीजवळच्या खाटेवर बारा वर्षांचा एक मुलगा बुद्धिबळाचा लहानसा पट घेऊन बसला होता. त्यानें आमच्यापैकीं दोघांना हरविलें. बोलतां बोलतां त्याची अपूर्णांकांची वही दिसली. रक्ताच्या दिवशीं शाळा बुडते, आणि नेमका त्याच दिवशीं भागाकार शिकवून झाला होता. आम्हीं त्याला सांगितलें, "पुढच्या खेपेला येऊं, तेव्हां भागाकार शिकवूं आणि डाव पुरा करूं."

जानेवारींत क्रीडास्पर्धा आल्या. मग सराव-परीक्षा, मग वार्षिक परीक्षा. आम्ही गेलों तेव्हां एप्रिल उजाडला होता. त्याच्या मधल्या पांच खेपा होऊन गेल्या होत्या. तो मुलगा तेथेंच होता, पण त्यानें खिडकीकडे तोंड केलें होतें. अपूर्णांक येतात का असें विचारलें तेव्हां, "झाले ते," इतकेंच तो म्हणाला. मागाहून सिस्टरनें आम्हांला बाहेरच्या व्हरांड्यांत नेलें. त्या बाई बोलावयास मोठ्या फटकळ आहेत. त्यांचे शब्द आम्ही आठवतील तसे देतों. "पहिल्या खेपेला त्यानं पट मांडून ठेवला होता. दुसऱ्या खेपेलाही मांडला. तिसऱ्या खेपेला पिशवीतून काढलाच नाही. या मुलांना खाऊ पुष्कळ मिळतो. नाताळात मिळतो, दिवाळीत मिळतो, मोठ्या लोकांच्या वाढदिवसाला मिळतो. एकविसाव्या दिवशी मात्र कुणी येत नाही. यायचं असेल तर त्यांच्या पंचांगानं या, तुमच्या नको. नाहीतर येऊच नका."

शोमरोन्याच्या परत येण्याची आठवण आम्हांला त्या दिवशीं झाली. (ती आमच्यापैकीं कोणी काढली याविषयीं अजून वाद आहे.)

तेव्हांपासून आमची रीति बदलली. एकवीस जणांपैकीं कांहीं गळाले, कांहीं नवे आले. आतां आम्ही चौदा जण आहों. एका वेळीं दोघांनींच जावयाचें, बरोबर एक शिक्षक. प्रत्येक जोडीला तीन मुलें नेमून दिलेलीं, व त्या तीन मुलांच्या रक्ताच्या तारखा हीच त्या जोडीची दिनदर्शिका. परीक्षा असली तर दुसऱ्या जोडीनें जावयाचें, पण मुलाला तें आधीं सांगावयाचें. आम्ही नेतों त्या वस्तु अगदीं साध्या: त्यांच्या शाळासोबत्यांकडून मागवून घेतलेल्या वह्या, उतरून घेण्यासाठीं कोरे कागद, पेन्सिली, एखादें गोष्टीचें पुस्तक. सुई बसण्यापूर्वीं पोंचणें हें आम्ही अनुभवानें शिकलों. मूल उजव्या हातानें लिहीत असेल तर सुई डाव्या हाताला बसविण्याविषयीं सिस्टरला सांगतां येतें. उशिरा गेलें तर त्या दिवशींचा अभ्यास तोंडीच करावा लागतो. भागाकार तोंडी शिकविणें किती कठीण आहे, हें ज्यानें केलें आहे त्यालाच ठाऊक.

वाचकांपैकीं ज्यांना असें काम करावयाचें असेल त्यांच्यासाठीं आणखी थोडें लिहितों. खोकला-पडसें असेल त्या दिवशीं जाऊं नये. कांहीं मुलांची प्लीहा काढून टाकलेली असते आणि साधा संसर्गहि त्यांना जड जातो. हात धुवावे. पिशवीच्या नळीला, थेंब कमी-जास्त करणाऱ्या चाकाला हात लावूं नये, मुलानें सांगितलें तरीहि नाहीं. तीं मुलें लवकर घरीं जाण्यासाठीं तें चाक फिरविण्यास सांगतात. रक्त चालू असतां मुलाला हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या, पाठ दुखूं लागली किंवा श्वास जड झाला, तर गोष्ट अर्धी सोडून तत्काळ सिस्टरला बोलवावें. विचारल्याशिवाय खाऊ देऊं नये व छायाचित्र तर काढूंच नये. "तुला काय झालें आहे?" हा प्रश्न त्यांनीं हजार वेळां ऐकलेला असतो, "तुमच्या वर्गांत गणिताला कोण आहे?" हा फारसा कोणी विचारीत नाहीं.

आणि मुलाच्या आईकडे पाहावें. पालघरकडून पहांटेच्या गाडीनें निघालेली बाई सकाळपासून पाण्याच्या घोंटावर असते, कारण मुलाला एकटें टाकून ती खालीं जाऊं शकत नाहीं. "काकू, आम्ही बसतों, तुम्ही चहा घेऊन या," असें म्हणून अर्धा तास तिच्या जागीं बसणें ही आमच्या हातून होणारी सर्वांत मोठी सेवा असेल असें आम्हांला हल्लीं वाटूं लागलें आहे. एक काकू पहिल्यांदां उठल्याच नाहींत. चौथ्या खेपेला उठल्या, आणि पाऊण तासानें आल्या. कोठें गेल्या होत्या असें मुलीनें विचारलें तेव्हां म्हणाल्या, "कुठं नाही, बाकावर बसले होते."

रक्तानें जीव वांचतो, पण त्याबरोबर एक शत्रूहि शरीरांत शिरतो. प्रत्येक पिशवींत सुमारें दीडशें ते दोनशें मिलिग्रॅम लोह असतें. मनुष्यशरीरांतून रोज एखाद-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर जातें. जास्त झालेलें टाकून देण्याची सोय निसर्गानें केलेलीच नाहीं. तें हृदयांत, यकृतांत व शरीराची वाढ चालविणाऱ्या ग्रंथींत सांचत जातें. तें काढण्यासाठीं निराळीं औषधें घ्यावीं लागतात. जुन्या पद्धतींत डेफेरॉक्सामीन हें औषध एका लहान पंपानें पोटाच्या कातडीखालीं रात्रीचे आठ ते बारा तास, आठवड्यांतील पांच ते सात रात्री सोडीत असत, व कांहीं मुलांना तें अजूनहि लागतें. पुढें तोंडानें घ्यावयाचीं डेफेरिप्रोन व डेफेरासिरॉक्स हीं औषधें आलीं आणि पुष्कळ मुलांची ती सुई सुटली. तरी रोज, न चुकतां, जन्मभर गोळी घेणें ही सोपी गोष्ट नव्हे. बारा-तेरा वर्षांपर्यंत आई गोळी देते. त्यानंतर मूल म्हणतें, मी घेतों; आणि घेत नाहीं. गोळी न घेतल्यानें आज कांहींच होत नाहीं. होतें तें दहा वर्षांनीं, हृदयांत. या वयांतील मुलांना उपदेश करण्याचा मोह आम्हांला झाला होता. एकानें तो केलाहि. ज्या मुलीला तो केला ती शांतपणें म्हणाली, "दादा, तुम्ही रोज दोन वेळां दांत घांसतां का?" आमच्या त्या मित्राला खरें उत्तर देतां आलें नाहीं. गोळीविषयीं बोलण्याचें काम आम्हीं डॉक्टरांकडे सोंपविलें आहे.

लोहामुळें व अपुऱ्या रक्तामुळें कांहीं मुलांची वाढ खुंटते. पंधरा वर्षांचा मुलगा दहांचा दिसतो. आपल्या वर्गांत असा कोणी असला तर त्याला त्याच्या वयाप्रमाणें वागवावें, उंचीप्रमाणें नव्हे. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या कायद्यांत थॅलेसेमिया, हीमोफिलिया व सिकलसेल या रक्तविकारांचा समावेश झाला आहे, ही गोष्ट अशा मुलांच्या पालकांनीं व शिक्षकांनींहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां पालकांसाठीं लिहावयाचें तें लिहितों, कारण हें पुस्तक घरोघर जातें.

हा रोग संसर्गानें होत नाहीं. खाण्यापिण्याच्या चुकीनें होत नाहीं. ग्रहणानें किंवा कोणाच्या शापानें तर नाहींच. बीटा सांखळी कशी बनवावी याची आज्ञा प्रत्येकाला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून व एक बापाकडून. ज्याच्याकडे एक प्रत चांगली व एक सदोष असते तो वाहक. त्याला कांहीं होत नाहीं. फार तर किंचित् पांडुरता दिसते आणि डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात, ज्यांचा उपयोग होत नाहीं. वाहक पुरुषाचें वाहक स्त्रीशीं लग्न झालें तर दोन नाणीं एकदम उडविल्याप्रमाणें चार शक्यता होतात: एकींत मूल पूर्ण निरोगी, दोहोंत तें आईबापांसारखें वाहक, एकींत दोन्ही प्रती सदोष म्हणजे थॅलेसेमिया. प्रत्येक गरोदरपणांत नाणीं नव्यानें उडतात. पहिलें मूल आजारी झालें म्हणून दुसरें सुटेल असा हिशेब नाहीं. आणि दोन्ही नाणीं लागतात, एकट्या आईचें पुरत नाहीं. हें एवढें विस्तारानें सांगण्याचें कारण, त्या खोलींत बसून आम्हीं जें ऐकलें त्यांत सर्वांत दुःखाचें हेंच होतें कीं, पुष्कळ घरांत वडील माणसें सुनेकडेच बोट दाखवितात, आणि कांहीं बाप चौथ्या-पांचव्या खेपेनंतर येईनासे होतात.

इतका घातक दोष पिढ्यान् पिढ्या टिकला कसा, हें शास्त्रज्ञांनाहि कोडें होतें. जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं १९४९ सालीं असें सुचविलें कीं, वाहकांना हिंवतापापासून कांहीं संरक्षण मिळत असावें. म्हणून जेथें हिंवताप फार तेथें हा दोषहि फार. पुढील संशोधनानें या कल्पनेला बळकटी आली. (हॉल्डेन १९५७ सालीं भारतांत येऊन राहिले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले.) आपल्या देशांत शंभर माणसांत सुमारें तीन-चार वाहक आहेत, सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा कांहीं समाजांत प्रमाण अधिक आहे, पण ज्यांत वाहक मुळींच नाहींत असा समाज कोणी समजूं नये. हजार मुलांच्या शाळेंत तीस-चाळीस वाहक निघतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना तें ठाऊक नसेल. हीमोग्लोबिन ए-टू चें प्रमाण मोजणारी रक्ताची तपासणी आयुष्यांत एकदां केली म्हणजे पुरे. सायप्रस बेटांत एके काळीं हा रोग इतका होता कीं, सर्व रक्त या मुलांनाच पुरेल कीं नाहीं अशी चिंता पडली होती. तेथें तपासणी सुरू झाली. १९८० नंतरच्या दशकांत तेथील ऑर्थोडॉक्स चर्चनेंहि लग्नापूर्वीं तपासणीचा दाखला मागण्यास आरंभ केला. दाखल्यानें लग्न मोडत नसे, वधूवरांना केवळ खरी स्थिति कळत असे. अशीं नवीं मुलें तेथें आतां क्वचितच जन्मतात. आमच्याकडे पत्रिका जुळविण्याचा खर्च याहून पुष्कळ अधिक येतो.

या विषयांत आमच्या हातून दुसरी चूक घडली, आणि ती पहिलीहून मोठी होती. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन म्हणून पाळतात. गेल्या वर्षीं त्या निमित्तानें आम्हीं फलक तयार केले, त्यांतल्या एकावर मोठ्या तांबड्या अक्षरांत लिहिलें, 'थॅलेसेमियाचें मूल जन्मूं देऊं नका,' आणि तो त्या खोलीच्या बाहेरील भिंतीवर लावला. आमच्यापैकीं कोणाच्याहि मनांत कांहीं आलें नाहीं. अकरा वर्षांची एक मुलगी, जिला वाचनाची फार आवड आहे, दाराशीं उभी राहून तो वाचीत होती. तिनें आंत येऊन विचारलें, "ताई, तें आमच्याबद्दल आहे का?"

ताईनें काय उत्तर दिलें तें येथें सांगण्यासारखें नाहीं, कारण तें उत्तरच नव्हतें. फलक आम्हीं त्याच मिनिटाला काढला. मुलीनें पुढें कांहीं विचारलें नाहीं. तिनें राहिलेली गोष्ट पुरी करून घेतली. पण आम्ही त्यावर पुष्कळ दिवस आपापसांत बोलत होतों. लग्नापूर्वीं तपासावें हें खरें, आणि ही मुलगी असावी, शंभर वर्षें असावी, हेंहि तितकेंच खरें. मग या दोन गोष्टी एकाच भिंतीवर कां मावूं नयेत? आमच्या एका शिक्षकांनीं सांगितलें कीं, दोन्ही खऱ्या आहेत, पण ऐकणारे निराळे आहेत. पहिली गोष्ट महाविद्यालयांत, पालकांच्या सभेंत, विवाहमंडळांत सांगावी; त्या खोलींत दुसरीच सांगावी, आणि तीहि बोलून नव्हे. यंदाच्या फलकावर 'विवाहापूर्वीं दोघांनीं रक्त तपासून घ्यावें' एवढेंच लिहिलेलें असेल, आणि तो आपल्या शाळेच्या फाटकाजवळ लागेल.

रोग समूळ बरा करण्याचा उपाय आहे. भावाची किंवा बहिणीची अस्थिमज्जा जुळली तर ती मुलाला देतां येते. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक. आपल्या देशांत वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत, म्हणजे डॉ. आयडा स्कडर या मिशनरी बाईंनीं उभारलेल्या संस्थेंत, १९८६ सालापासून ही शस्त्रक्रिया होत आली आहे. मुंबईंत बोरिवली येथील महानगरपालिकेच्या केंद्रांतहि ती होते. जनुकांत बदल करणाऱ्या उपचाराला अमेरिकेंत २०२२ सालीं मान्यता मिळाली, पण त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या स्वप्नांतहि बसणारी नाहीं. आमच्या खोलींतील दोघांची मज्जा जुळली व तीं मुलें गेलीं. इतर मुलें त्यांच्याविषयीं फारसें बोलत नाहींत. ज्यांचीं भावंडें जुळलीं नाहींत तीं तर नाहींच.

आम्हांला रक्त देतां येत नाहीं, असें वर लिहिलें. तें मागतां मात्र येतें. आम्हीं प्रत्येकानें आपल्या घरांतील, शेजारच्या व माजी विद्यार्थ्यांपैकीं अठरा वर्षांवरील माणसांची यादी केली आहे. त्यांत आज ६३ नांवें आहेत. कोणी शेवटचें रक्त केव्हां दिलें याची नोंद आम्ही ठेवतों, आणि तीन किंवा चार महिने पुरे झाले म्हणजे आठवण देतों. सगळे जण एकाच दिवशीं येऊं नयेत म्हणून तारखा वांटून देतों. गांधी-जयंतीला रक्त देणाऱ्यांपेक्षां आम्हांला ऐन मे महिन्यांत देणारे हवे असतात. कांहीं काका फोन उचलीत नाहींत. आमच्यापैकीं एकाचे आजोबा वयाचीं पासष्ट वर्षें पुरीं झाल्यामुळें यादींतून गळले, त्या दिवशीं ते खरोखरच रागावले होते.

खिडकीजवळचा तो मुलगा आतां चौदा वर्षांचा आहे. त्याला आम्हांला क्षमा करावयास किती खेपा लागल्या तें आम्हीं मोजलें आहे: सात. आठव्या खेपेला तो पट काढून म्हणाला, "तुमचा घोडा मरत होता, आठवतं?" आम्हांला आठवत नव्हतें, त्यानें सोंगट्या होत्या तशा मांडून दाखविल्या. अपूर्णांक तो आतां आपल्या शेजारच्या खाटेवरील मुलीला शिकवितो.

जूनपर्यंतच्या तारखांची वही शाळेच्या ग्रंथालयांत टेबलावर ठेवली आहे. एप्रिलचे रकाने भरले आहेत. मे महिन्याच्या चार तारखांपुढें अजून कोणाचेंच नांव नाहीं.